मोठ्या आतड्यातली मोठी गाठ सोलताना : ट्रॅक्शन कधी, कुठे आणि किती

हेपॅटिक फ्लेक्शरजवळची, म्हणजे मोठ्या आतड्याच्या यकृताखालच्या वळणाजवळची, चार सेंटिमीटरची चपटी गाठ. फ्लॅप, म्हणजे गाठीच्या कडेचा सोलून मोकळा केलेला पदर, तयार झाला होता. क्लिपला रबर बँड अडकवून ती फ्लॅपच्या काठाला लावली, दुसऱ्या क्लिपने तोच बँड समोरच्या भिंतीला खेचून बसवला आणि फ्लॅप झकास उचलला गेला. फक्त तो माझ्याच दिशेने उचलला गेला. दुसरी क्लिप मी गाठीच्या अलीकडे, स्कोपच्या (दुर्बिणीच्या) वाटेतच लावून बसले होते. बँड स्कोपला आडवा, फ्लॅप पडद्यासारखा लेन्सवर आणि सबम्यूकोसा, म्हणजे अस्तराखालचा जो थर कापायचा तो, कुठे दिसायला तयार नाही. पुढची वीस मिनिटं ती क्लिप उपटण्यात गेली. आमचे टेक्निशियन दादा शांतपणे म्हणाले, "मॅडम, मघाशी विचारणार होतो, पण तुम्ही लगेच 'मारा' म्हणालात."

तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे. ट्रॅक्शन, म्हणजे फ्लॅपला ओढ, कुठून कुठे द्यायचं हे पहिला छेद घेण्याआधी ठरवायचं आणि दादांना तोंडाने सांगायचं. अडचण आली की क्लिप शोधायची, हा क्रम उलटा आहे. अडचण येते तोवर फ्लॅप रक्ताने माखलेला असतो, सुजलेला असतो आणि डोकं तापलेलं असतं. हा लेख एंडोस्कोपी करणाऱ्यांसाठी आहे, विशेषतः ईएसडी (एंडोस्कोपिक सबम्यूकोसल डिसेक्शन, गाठ एंडोस्कोपीने अखंड सोलून काढणं) नुकतंच शिकू लागलेल्यांसाठी आणि क्लिप हातात घेऊन उभ्या असणाऱ्या टेक्निशियन-नर्ससाठीही. वाचून हात बसत नाही, पण हात बसायच्या आधी काय बघायचं ते कळू शकतं.

ओढ का लागते

शिवण उसवताना कापड दोन्हीकडून ताणून धरलं की धागा उघडा पडतो आणि ब्लेड नुसतं टेकवलं तरी तो तुटतो. कापड सैल असेल तर धाग्याआधी कापडच फाटतं. सर्जनकडे कापड ताणून धरायला असिस्टंटचा हात असतो. आपल्याकडे एकच नळी, तिच्यातून एकच हत्यार. ईएसडीमध्ये आपण म्यूकोसा (आतलं अस्तर) आणि मसल (स्नायूचा थर) यांच्यामधला सबम्यूकोसा कापत जातो आणि गाठ अखंड एका तुकड्यात सोलून काढतो. जठराची भिंत जाड असते, थोडी चूक खपते. मोठ्या आतड्याची भिंत पातळ, त्यात घड्या, वळणं, श्वासाबरोबर हलणारं आतडं. जपानमध्ये जठराच्या ईएसडीला राष्ट्रीय विम्यात जागा २००६ मध्ये मिळाली आणि मोठ्या आतड्याच्या ईएसडीला २०१२ मध्ये. मधल्या सहा वर्षांत या पातळ भिंतीचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

म्हणून ट्रॅक्शन. पण ते सगळीकडे सारखं उपयोगी पडतं असं समजू नका. जठरासाठी जपानमध्ये झालेल्या कनेक्ट-जी चाचणीत क्लिपला दोरा बांधून ओढल्याने एकंदर वेळेत फरक पडला नाही, पण जठराच्या वरच्या आणि मधल्या भागातल्या ग्रेटर कर्व्हेचरवर (जठराच्या बाहेरच्या लांब वळणावर), जिथे सगळं पाणी-रक्त साचतं, तिथे मोठा फरक पडला. मोठ्या आतड्याच्या कनेक्ट-सी चाचणीतही सरसकट फरक दिसला नाही, कमी अनुभवी हातांना मात्र वेळ कमी लागला. जिथे गुरुत्वाकर्षण आपल्या बाजूने नाही, किंवा हात अजून कच्चा आहे, तिथे ट्रॅक्शन कामाला येतं. शिकणाऱ्याने ते लाजून टाळू नये, आणि मुरलेल्याने सवय म्हणून प्रत्येक केसला क्लिपा खर्चू नयेत. आपल्याकडे एकेक क्लिप रुग्णाच्या बिलात दिसते.

आधी गाठ नीट बघा

दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ स्नेअरने (तारेच्या फासाने) एका तुकड्यात येणं अवघड होत जातं. पण म्हणून प्रत्येक मोठ्या गाठीला ईएसडी नको. एकसारख्या दाण्यांची, पसरलेली एलएसटी-जी (आडवी पसरणारी, दाणेदार) गाठ तुकड्या-तुकड्याने ईएमआर (द्रवाने फुगवून स्नेअरने कापणं) करून आणि कडा स्नेअरच्या टोकाने नीट शेकून काढली तर निकाल चांगला येतो. एका तुकड्यात काढण्याचा हट्ट धरायचा तो मोठा गड्डा असलेली गाठ, मध्ये खोलगट झालेली एलएसटी-एनजी (आडवी पसरणारी, बिनदाण्यांची), आधी कुणी अर्धवट काढून परत उगवलेली गाठ आणि कॅन्सर वरवर शिरल्याचा संशय असलेली रेक्टमची (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाची) गाठ, यांच्या बाबतीत. फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिसेक्ट-कोलन चाचणीत अडीच सेंटिमीटरहून मोठ्या गाठींसाठी ईएसडी आणि तुकड्यांची ईएमआर यांची तुलना झाली. सहा महिन्यांनी गाठ परत दिसण्याचं प्रमाण ईएसडीत ०.६ टक्के आणि ईएमआरमध्ये ५.१ टक्के होतं. गुंतागुंत मात्र ईएसडीत जास्त झाली. दोन्ही आकडे रुग्णापुढे ठेवायला हवेत.

नॅरो बँडने (रक्तवाहिन्या उठून दाखवणाऱ्या प्रकाशाने) पृष्ठभाग वाचा. याच नक्षीवर आधारलेल्या जपानी जेनेट वर्गीकरणात प्रकार ३ दिसला, रक्तवाहिन्यांची नक्षी तुटलेली, मध्ये नक्षी नसलेले पट्टे, तर कॅन्सर खोल गेला आहे. तिथे ट्रॅक्शनची चर्चाच नको, सर्जनला फोन करा.

आता एक तक्रार. भारतात कोलोनोस्कोपीचा सरकारी तपासणी कार्यक्रम नाही, त्यामुळे मोठी गाठ बहुतेक वेळा रक्त पडायला लागल्यावरच सापडते आणि सापडते तेव्हा पहिल्याच फटक्यात तिचे सहा-आठ तुकडे बायॉप्सीला गेलेले असतात. प्रत्येक बायॉप्सीखाली सबम्यूकोसात वण तयार होतो. शिवाय कुणी सर्जनच्या सोयीसाठी गाठीखालीच शाईचा टॅटू मारलेला असेल तर तिथला सबम्यूकोसा काळा आणि घट्ट होऊन बसतो. इंजेक्शनने तो उचलत नाही आणि ट्रॅक्शन दिलं तर म्यूकोसाबरोबर मसलही वर येतो. मोठी चपटी गाठ दिसली तर चांगले फोटो काढा, शाई लावायचीच तर तीनेक सेंटिमीटर लांब लावा आणि रुग्ण पुढे पाठवा. पुढच्या माणसाचे दोन तास वाचतात.

पाणी ओतून बघा

सगळ्यात स्वस्त ट्रॅक्शन म्हणजे रुग्णाची कूस. गाठीजवळ पोचलात की वॉटर जेटने थोडं पाणी सोडा आणि ते कुठे साचतं ते बघा. गाठ पाण्यात बुडत असेल तर फ्लॅपही त्याच बाजूला पडून राहणार, रक्तही तिथेच साचणार. रुग्णाला उलट्या कुशीवर किंवा उताणं करा आणि गाठ पाण्याच्या समोर, म्हणजे छताकडे येईल असं बघा. आता कापलेला फ्लॅप स्वतःच्या वजनाने खाली लोंबेल आणि खाच उघडी पडेल.

ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात प्रोपोफॉलखाली गाढ झोपलेल्या ऐंशी किलोच्या माणसाला स्कोप आत असताना कूस बदलायला लावणं म्हणजे तीन माणसांचं काम. म्हणून भूलतज्ज्ञांशी आधी बोलून ठेवा. आणि स्थिती बदलली की पुन्हा पाणी सोडून बघा, कारण स्कोपचा लूप (वेटोळं) पडला की आतड्याचं वर-खाली बदलतं.

काही गाठी कुठल्याही कुशीवर पाण्यातच राहतात. कागदावर तेवढं लिहा : गुरुत्वाकर्षण नाही, क्लिप लागणार.

स्कोप, हूड, द्रव

रेक्टम आणि त्याच्या वरच्या सिग्मॉइडसाठी गॅस्ट्रोस्कोप पुरतो आणि उलटा वळवून बघायलाही सोपा जातो. उजव्या बाजूला वॉटर जेट असलेला, बारीक आणि सहज वळणारा कोलोनोस्कोप घ्या. टोकाला पारदर्शक हूड लावायचं, दोन ते चार मिलिमीटर पुढे आलेलं. हवा नको, कार्बन डायऑक्साइडच. कोलनसाठी कापायचा ड्युअल नाइफ दीड मिलिमीटरचा मिळतो, तो पुरतो.

इंजेक्शनसाठी हायल्युरोनेट मिळालं तर उत्तम, ते बराच वेळ टिकतं. नाही तर हेटास्टार्च किंवा जिलेटिनचा द्रव. त्यात मिथिलीन ब्लूचे अगदी थोडे थेंब. निळा फिका, आकाशी हवा. नीळ टाकलेल्या बादलीसारखा गडद झाला की रक्तवाहिन्या त्यात हरवतात.

फ्लॅप आधी, क्लिप नंतर

इथून पुढे मी दोन शब्द वापरणार आहे. गाठीचा गुदद्वाराकडचा, म्हणजे आपल्याकडचा काठ तो अलीकडचा. सीकमकडचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीकडचा, तो पलीकडचा.

अलीकडच्या काठाला गाठीपासून पाच-एक मिलिमीटर सोडून छेद घ्या. क्लिप जिथे लावायची ठरवली आहे तिथे अजून थोडी जागा सोडा, कारण क्लिपच्या दातांनी चुरडलेला भाग पॅथॉलॉजिस्टला वाचता येत नाही. मग छेदाच्या खालचे तंतू कापत सबम्यूकोसात खोल उतरा. आम्ही याला ट्रिमिंग म्हणतो, आणि घाई करणारा नेमकं इथेच चुकतो. म्यूकोसा कापला गेला पण त्याखालचे वरवरचे तंतू तसेच राहिले तर फ्लॅप उचललाच जात नाही. हूडची कड फ्लॅपखाली सरकली आणि तिथे टिकली, की फ्लॅप क्लिपसाठी तयार झाला असं मी मानते. त्याआधी लावलेली क्लिप नुसता म्यूकोसा ताणते आणि तो फाडून बाहेर येते.

सगळा घेर आधी कापायचा की नाही यावर दोन घराणी आहेत. जुना जपानी सल्ला असा की कोलनमध्ये घेर पूर्ण कापू नका, कारण इंजेक्शनचा द्रव निसटतो आणि न कापलेल्या बाजूची नैसर्गिक ओढ जाते. फ्रेंच मंडळी रबर बँड वापरून घेर आधीच पूर्ण कापतात, नीट ट्रिम करतात आणि मग ओढ देतात. त्यांचा मुद्दा बरोबर आहे, नैसर्गिक ओढीच्या जागी त्यांनी स्वतःची ओढ आणलेली असते. माझ्या हातात बँडचा सेट तयार असेल आणि गाठ चांगली उचलत असेल तर मी घेर पूर्ण करते. वण असेल तर करत नाही.

कुठे कुठली ओढ

*दोरा-क्लिप.* रेक्टम आणि सिग्मॉइडच्या खालच्या भागात हे सगळ्यात सोपं आणि जवळजवळ फुकट. दाताचा फ्लॉस किंवा टाक्याचा रेशमी दोरा, लांब कापलेला. स्कोप बाहेर काढायचा, क्लिप चॅनेलमधून पुढे काढायची, एका दाताच्या बुडाशी दोरा बांधायचा. दोऱ्याची गाठ क्लिपच्या बिजागरीवर आली तर क्लिप मिटत नाही, त्यामुळे बाहेरच एकदा अर्धी मिटवून बघा. मग क्लिप हूडमध्ये ओढून घ्या आणि दोरा स्कोपच्या बाहेरून सोबत नेत परत आत जा. फ्लॅपच्या अलीकडच्या काठाच्या मध्यावर क्लिप लावली की दोऱ्याचं टोक दादांच्या हातात किंवा छोट्या आर्टरी फोर्सेपला लटकवून सोडा. फोर्सेपचं वजन पुरतं, हाताने खेचू नये. उणीव दोन. ओढ फक्त बाहेरच्या दिशेनेच मिळते, आणि स्कोप पूर्ण बाहेर काढावा लागतो. सीकमपर्यंत परत जायचं म्हटलं की कुणालाही ते नको वाटतं.

*स्प्रिंगची क्लिप.* जपानमध्ये मिळणारी एस-ओ क्लिप म्हणजे क्लिपच्या दाताला बारीक स्प्रिंग आणि तिच्या टोकाला नायलॉनचा फास. पहिली क्लिप फ्लॅपला, मग दुसऱ्या साध्या क्लिपने फास पकडून समोरच्या भिंतीला. स्कोप बाहेर काढावा लागत नाही आणि दिशा आपण निवडतो. स्प्रिंग जास्त ताणली तर ओढही जास्त, एवढं ध्यानात ठेवायचं.

*क्लिप आणि रबर बँड.* तत्त्व तेच, स्प्रिंगच्या जागी दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांकडचा छोटा रबर बँड. आमच्याकडे बहुतेक केसेस यावरच होतात, म्हणून पुढचा भाग याच्यावर जरा लांबतो आहे.

*पॉकेट.* जपानच्या जिची मेडिकल युनिव्हर्सिटीतल्या यामामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आणलेली पद्धत. छोटा छेद घेऊन गाठीखाली सबम्यूकोसात खिसा करत जायचं आणि कडा शेवटी उघडायच्या. निमुळतं हूड खिशात शिरलं की स्कोपच म्यूकोसा एका बाजूला आणि मसल दुसऱ्या बाजूला ढकलतो. क्लिप लागत नाही, द्रव निसटत नाही आणि आतडं श्वासाबरोबर हललं तरी स्कोपही सोबत हलतो. वण असलेली गाठ, घडीवर बसलेली गाठ, समोरून आदळणारा मसल, अशा वेळी मी पॉकेटने सुरुवात करते. खिशात गॅसऐवजी सलाइन भरलं तर फ्लॅप तरंगतो आणि दिसतंही स्वच्छ. पॉकेटची पंचाईत शेवटी होते, दोन्ही बाजू उघडताना. सगळं एकदम सैल पडतं. त्या वेळी बँड लावला की काम आटोपतं.

रबर बँड, सावकाश

सहा ते आठ मिलिमीटर व्यासाचा बँड. लेटेक्सचा असेल तर रुग्णाला लेटेक्सची ॲलर्जी आहे का हे आधी विचारा. बँड सीलबंद पाकिटातला ताजा घ्यायचा, उघड्या डबीत महिनाभर पडलेला नको. रबर वाळला की ऐन वेळी तुटतो.

१. क्लिप बाहेर टेबलावर उघडा आणि एका दातात बँड अडकवा. मग क्लिप शीथमध्ये (तिच्या नळीत) एवढीच मागे घ्या की बँड निसटणार नाही आणि दातांखाली कापलाही जाणार नाही.

२. बायॉप्सी चॅनेलच्या तोंडावरची रबरी टोपी काढा. तशीच ठेवून क्लिप ढकलली तर टोपी बँड खरवडून काढते आणि क्लिप आत एकटीच पोचते. दादांचं "मॅडम, रबर इथेच राहिला" हे वाक्य मी मोजणं सोडून दिलं आहे. टोपी काढली की गॅस निसटतो, म्हणून क्लिप पुढे गेली की तोंडावर बोट ठेवा.

३. फ्लॅपच्या अलीकडच्या काठाच्या मध्यावर जा. एक दात म्यूकोसाच्या वर, दुसरा खाली कापलेल्या बाजूला. फ्लॅपची पूर्ण जाडी पकडली पाहिजे. खालच्या दाताजवळ पांढरा मसल दिसत असेल तर थांबा, सरकवा, पुन्हा बघा. गाठीच्या मऊ गड्ड्यावर क्लिप लावू नका, तो तुटून येतो. जागा जुळली की मगच "मारा".

४. दुसरी क्लिप. एका दाताने लोंबणारा बँड पकडा. स्कोप थोडा पुढे न्या. जागा गाठीच्या बरोबर समोरच्या भिंतीवर, पण पलीकडच्या काठाच्या रेषेत किंवा त्याहून थोडं आत. एखाद्या घडीचा कणा मिळाला तर दात छान बसतात.

५. मारण्याआधी गॅस ओढून आतडं अर्धवट मिटवा. भिंती जवळ येतात, बँड न ताणता पोचतो. क्लिप बसली की हळूहळू गॅस भरा. भिंती लांब जातात आणि फ्लॅप उचलला जातो.

ही पाचवी गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर बरेच बँड वाचले असते. भरलेल्या आतड्यात बँड ताणून क्लिप लावली की ओढ तिथेच कमाल झाली. आता ती कमीच करता येते, वाढवता येत नाही. मिटलेल्या आतड्यात लावली की गॅसचं बटण हीच ओढीची चावी. पायाखाली शिलाई मशीन असल्यासारखं, हवं तेवढं दाबा.

अँकर, म्हणजे भिंतीवरची ही दुसरी क्लिप, आत, पलीकडे का? सोलणं अलीकडून पलीकडे जातं. अँकर पलीकडे असला की फ्लॅप वर आणि आपल्यापासून दूर जातो, खाच उघडत जाते. अलीकडे असला तर सुरुवातीला सांगितलं तेच होतं.

ओढ पुरेशी आहे का हे मसल सांगतो

योग्य ओढीत तीन थर वेगळे दिसतात : वर फ्लॅपची लालसर खालची बाजू, मध्ये निळसर, पिंजलेल्या कापसासारखे पण उभे ताणलेले तंतू, आणि खाली मसलची पांढरी, सपाट रेघ. ती रेघ सपाट राहिली पाहिजे.

ओढ जास्त झाली की मसल मध्यभागी उचलला जातो, तंबूच्या खांबासारखा. नाइफ सरळ रेषेत चालवणारा त्या तंबूचा कळस कापतो आणि भोक पडतं. वण असलेल्या गाठीत हे सगळ्यात लवकर होतं, कारण वण म्यूकोसा आणि मसल यांना एकत्र बांधून ठेवतो. पांढरी रेघ वर वाकलेली दिसली की हात थांबवा, गॅस काढा, पुन्हा इंजेक्शन द्या. दोन्ही बाजूंचं मोकळं सबम्यूकोसा आधी कापून घ्या आणि मधला वण शेवटी, डावीकडून-उजवीकडून पातळी लक्षात घेऊन. मसल गाठीत खेचलेलाच असेल, गॅस काढूनही तो खाली बसत नसेल, तर तो खोल कॅन्सरचा इशारा असू शकतो. तिथे अर्धवट सोडून येणं कमीपणाचं नाही.

कापायची पातळी मसलच्या लगेच वर, सबम्यूकोसाच्या खालच्या एक तृतीयांश भागात. नाइफ मसलला समांतर. ओढ चांगली असली की हे आपोआप जमतं, कारण कोन उघडलेला असतो. रक्तवाहिन्यांच्या बाबतीत मात्र ओढ फसवते. ताणलेली शीर चपटी आणि फिकी दिसते, तंतूच वाटते. संशय आला तर थोडा गॅस काढा, ती फुगते. बारीक असेल तर नाइफच्या टोकाने शेका, जाड असेल तर कोॲग्युलेशन फोर्सेप काढायचा आळस करू नका.

निम्मं काम झालं की बँड सैल पडतो. अपेक्षितच आहे, फ्लॅप लांब झाला. आता तिसरी क्लिप घ्या, त्याच बँडला मधोमध पकडा आणि भिंतीवर दुसऱ्या जागी नेऊन बसवा. बँडचा त्रिकोण होतो आणि ओढ परत येते, शिवाय दिशाही बदलता येते. डावी बाजू मागे राहिली असेल तर उजवीकडे ओढा. ल्योंमधल्या प्योश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गरजेतून ए-ट्रॅक्ट नावाचं साधन केलं आहे. त्यात फास फ्लॅपच्या कडांवर एकाहून अधिक जागी बसवतात आणि ओढ काम चालू असताना वाढवता येते. कल्पना सुंदर आहे. हाती नसेल तर तिसरी क्लिप आहेच.

भोक पडलं तर

आधी आवाज खाली. छिद्र छोटं असेल आणि आतडं स्वच्छ असेल तर बहुतेक वेळा ते क्लिपने बंद होतं. पण लगेच क्लिप मारली तर ती नेमकी कापायच्या वाटेत बसते आणि पुढचं सगळं अडतं. छिद्राभोवती चार-पाच मिलिमीटर पुढे सोलून जागा मोकळी करा, मग बंद करा. ट्रॅक्शनच्या बँडवरची ओढ गॅस काढून कमी करा, नाही तर छिद्राच्या कडा ताणलेल्या राहतात आणि क्लिप जुळत नाही. पोट टणक झालं, श्वास अडायला लागला तर बाहेरून जाड सुईने गॅस मोकळा करायची तयारी खोलीतच हवी. सर्जनला निरोप आधीच गेलेला बरा.

सुटका

शेवटचा तंतू तुटतो आणि गाठ समोरच्या भिंतीला बँडवर लटकत राहते. पहिल्यांदा बघणाऱ्याला गंमत वाटते. स्नेअर काढून खसकन ओढू नका. अँकर क्लिप फोर्सेपने धरून हळूच फिरवत सोडवा, किंवा एंडोस्कोपिक कात्री असेल तर बँडच कापा. क्लिपखालचा म्यूकोसा फाटून भलतीकडे नवी जखम झालेली मी पाहिली आहे. अँकर निघत नसेल तर तसाच राहू द्या, तो काही आठवड्यांत आपोआप गळतो. डिस्चार्ज कार्डवर मात्र लिहा की आत क्लिप आहे आणि एमआरआय करायचा असेल तर आधी विचारा. सगळ्याच क्लिपा एमआरआयला चालत नाहीत.

गाठ जाळीत घालून बाहेर काढा. लगेच थर्माकोलच्या तुकड्यावर टाचण्यांनी ताणून बसवा, अलीकडचा-पलीकडचा काठ पेनने लिहा, क्लिपची जागा दाखवा आणि दहा टक्के फॉर्मलिनमध्ये बुडवा. हे काम दादांवर सोडून हात धुवायला जाऊ नका. चुरगळून बाटलीत कोंबलेल्या गाठीचे दोन-तीन मिलिमीटरचे सरळ काप पडत नाहीत, आणि कॅन्सर मसलकडे किती शिरला हे तिरक्या कापावर मोजता येत नाही. एक मिलिमीटरपेक्षा कमी खोली, रक्तवाहिन्या-लसिकावाहिन्या मोकळ्या, बडिंग (कॅन्सरच्या कडेला सुटे पडलेले पेशींचे पुंजके) कमी, कॅन्सर चांगल्या किंवा मध्यम प्रतीचा आणि कडा साफ, एवढं सगळं जुळलं तर बाकी शस्त्रक्रिया सहसा लागत नाही.

त्या रात्री रुग्णाला ताप आणि पोटात एका जागी दुखणं सुरू झालं, सीटीत गॅस बाहेर नाही, तर मसलला लागलेली धग असू शकते. उपाशी ठेवून, गरज पडली तर अँटिबायोटिक देऊन बहुतेक जण एक-दोन दिवसांत सावरतात.

शिकणाऱ्यांना मी आधी डुकराच्या जठरावर फक्त दुसरी क्लिप लावायचा सराव करायला सांगते. सोलणं नाही, नुसती क्लिप. बँड पकड, आत जा, गॅस काढ, बसव, गॅस भर आणि फ्लॅप कुठल्या दिशेला उचलला ते सांग. एका दुपारी वीस वेळा. दादा शेजारी उभे असतात, आणि जागा चुकतेय असं वाटलं तर "मारा" म्हटलं तरी मारायचं नाही, अशी त्यांना आता माझीच सूचना आहे.